पॅलेटवरचा शिक्का वाचता येतो का? (इयत्ता नववी, भूगोल : व्यापार)



नववीच्या भूगोलात 'व्यापार' हा धडा आहे. आयात म्हणजे काय, निर्यात म्हणजे काय, व्यापारतोल कसा असतो, एवढं सांगून, दोन उदाहरणं देऊन आपण पुढच्या धड्याकडे वळतो. मीही इतकी वर्षं तेच करत आले. यंदा मात्र हा धडा एका प्रश्नापाशी अडला आणि मलाच पंधरा दिवस अभ्यास करावा लागला. तो अभ्यास आज इथे मांडते आहे.

आमची शाळा सांगली भागातली. हळद इथे मुलांच्या घराघरात आहे. कुणाच्या शेतात पिकते, कुणाचे वडील मार्केट यार्डात हमाली करतात, कुणाची आई हळद निवडायला जाते. निर्यातीचं उदाहरण म्हणून मी हळदीचं नाव घेतलं, तेव्हा एरवी कधी हात वर न करणारी एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, लाकडाच्या एका फळकुटासाठी आख्खा कंटेनर अडवतात का?"

तिचे वडील एका हळद दळण्याच्या कारखान्यात माल भरण्याचे मुकादम. हळद पावडरच्या २५ किलोच्या पिशव्या लाकडी पॅलेटवर रचायच्या, वरून प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळायची आणि फोर्कलिफ्टने कंटेनरमध्ये सरकवायच्या, हे त्यांचं काम. एक कंटेनर युरोपात चालला होता. दहा पॅलेट होती. भरताना एका पॅलेटच्या फळीत फोर्कलिफ्टचा काटा घुसला आणि ती फुटली. गाडी दारात उभी. वडिलांनी शेडमधल्या जुन्या ढिगातून त्याच मापाचं दुसरं पॅलेट काढलं, पिशव्या त्यावर हलवल्या, फिल्म गुंडाळली, गाडी सुटली. महिनाभरानंतर तिकडच्या बंदरातून निरोप आला की नऊ पॅलेटवर शिक्का आहे, दहाव्यावर नाही. माल अडला. पिशव्या दुसऱ्या पॅलेटवर घ्याव्या लागल्या, ते लाकूड नष्ट केलं गेलं, आणि तपासणीचा खर्च, मजुरी, कंटेनर अडकून पडला त्या दिवसांचं भाडं, सगळं पाठवणाऱ्याच्या माथी आलं.

"आता पप्पांच्या पगारातून कापणार म्हणतात," ती म्हणाली. "त्यात पप्पांची काय चूक?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण तो शिक्का मलाही माहीत नव्हता.

शिक्का कशाचा?

पॅलेट तुम्ही पाहिलेलं असतंच, फक्त नाव माहीत नसतं. खाली तीन पट्ट्या किंवा ठोकळे, वर फळ्या, मध्ये काटा घालायला फट. २५ किलोच्या ४० पिशव्या एका पॅलेटवर रचल्या की एक टन झाला. दहा टन माल हातांनी भरायचा तर ४०० वेळा पाठीवर पिशवी घ्यावी लागते. पॅलेटवर तेच काम दहा फेऱ्यांत होतं. (यात हमालाची पाठ वाचली आणि रोजगारही गेला. आमच्या वर्गात दोन्ही बाजूंची मुलं आहेत, तेव्हा हा मुद्दा मी सोडून दिला नाही. त्यावर वेगळा तास झाला.)

शिक्क्याचं कारण मात्र पिशवीत नाही, लाकडात आहे. कच्च्या लाकडात किडींची अंडी, अळ्या, सूत्रकृमी राहू शकतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १९९६ मध्ये मेपलची झाडं पोखरणारा लांब शिंगांचा एक भुंगेरा सापडला. तो मूळचा चीन आणि कोरियाकडचा. समुद्र ओलांडून तो आला मालाबरोबरच्या लाकडी खोक्यांतून आणि पॅलेटमधून. मादी झाडाच्या सालीत अंडी घालते आणि अळी आतलं लाकूड खात जाते. बाहेरून फवारून फारसा उपयोग नाही, कारण शत्रू खोडाच्या आत. शेवटी हजारो झाडं तोडावी लागली. पोर्तुगालमध्ये १९९९ साली पाइनची झाडं मारणारी सूत्रकृमी सापडली, तीही मूळची उत्तर अमेरिकेतली. म्हणजे माल अगदी चोख असला तरी त्याच्याखालचं पाट परदेशातलं जंगल मारू शकतं.

म्हणून २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखाली एक मानक ठरलं. त्याचं नाव आयएसपीएम-१५. आंतरराष्ट्रीय व्यापारात वापरायच्या लाकडी पॅकिंगवर प्रक्रिया झालेली हवी आणि तसा शिक्का हवा. नेहमीची प्रक्रिया म्हणजे उष्णता. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं राहायला पाहिजे. बाहेरून तापलं, आत गार राहिलं, तर चालत नाही. विज्ञानाच्या शिक्षकांनी इथे उष्णतावहन घ्यावं, लाकूड उष्णतेचं मंद वाहक का, हे इथे फार सहज कळतं. दुसरी जुनी पद्धत मिथिल ब्रोमाइड वायूची धुरी. पण तो वायू ओझोनच्या थराला मारक, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी आता तो नको म्हणतात.

शिक्का वाचायला एक मिनिट पुरतं. डावीकडे गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह, त्याच्याजवळ इंग्रजीत आयपीपीसी. उजवीकडे देशाची दोन अक्षरं, भारत असेल तर आयएन. त्यापुढे प्रक्रिया करणाऱ्या नोंदणीकृत कारखान्याचा क्रमांक. मग प्रक्रियेची अक्षरं, एचटी म्हणजे उष्णता, एमबी म्हणजे मिथिल ब्रोमाइड. झालं. शिक्का हातानं रंगवलेला चालत नाही आणि तांबडा-नारिंगी रंग टाळायचा, कारण ते रंग धोकादायक मालाच्या लेबलांसाठी वापरतात. शक्यतो समोरासमोरच्या दोन बाजूंवर तो असावा, म्हणजे पॅलेट कसंही ठेवलं तरी दिसतो.

प्लायवूडच्या किंवा भुशाच्या दाबून केलेल्या पॅलेटला हा शिक्का लागत नाही. तिथे गोंद, उष्णता आणि दाब यांतच कीड मेलेली असते. प्लॅस्टिकच्या पॅलेटचा तर प्रश्नच नाही. आणि दुरुस्तीचं काय? एखादी फळी बदलली तर ती प्रक्रिया केलेल्या लाकडाचीच हवी आणि तिच्यावर स्वतःचा शिक्का हवा. एक तृतीयांशाहून जास्त पॅलेट बदललं, तर जुने शिक्के पुसून सगळ्यावर पुन्हा प्रक्रिया करून नवा शिक्का मारायचा.

हे वाचल्यावर त्या मुकादमांचं काय चुकलं ते कळतं. पॅलेट बदललं यात काहीच चूक नव्हती. फुटलेल्या पॅलेटवर माल पाठवला असता तर तो वाटेत कोसळला असता. त्यांनी माप पाहिलं, मजबुती पाहिली. शिक्का पाहायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ज्याचा हात शेवटचा लागतो, त्यालाच नियम माहीत नाही.

दहा कशी बसली?

इथे गणिताचा एक फार सुंदर तास मिळाला, तो सांगते. हे कुठल्याही शाळेत करता येईल.

२० फुटी कंटेनर आतून साधारण ५.९ मीटर लांब आणि २.३५ मीटर रुंद असतो. आपलं पॅलेट १.२ मीटर बाय १ मीटर. किती पॅलेट बसतील? मुलांनी लगेच क्षेत्रफळ काढलं. ५.९ गुणिले २.३५ म्हणजे १३.८६५. त्याला १.२ ने भागलं की ११.५५. "मॅडम, अकरा!"

मग मी पुठ्ठे दिले. १ सेंटिमीटरला १० सेंटिमीटर असं प्रमाण घेतलं की कंटेनर होतो ५९ बाय साडेतेवीस सेंटिमीटरचा आणि पॅलेट १२ बाय १० चं. वर्तमानपत्रावर कंटेनर आखा, पुठ्ठ्याची पॅलेट कापा आणि बसवा. अकरा बसत नाहीत. बहुतेक गट नऊवर थांबले. शेजारी शेजारी दोन पॅलेट आडवी ठेवली तर १.२ अधिक १.२ म्हणजे २.४ मीटर. कंटेनर २.३५. फक्त पाच सेंटिमीटरसाठी अडतं!

हे पाच सेंटिमीटर कुठून आले, तर कंटेनर जन्माला आला फुटात आणि हे पॅलेट मीटरमध्ये. १९५६ मध्ये अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांचं 'आयडियल एक्स' जहाज ५८ कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला गेलं, तिथून या पेट्यांचं युग सुरू झालं. पुढे रुंदी ठरली बाहेरून आठ फूट, म्हणजे २.४४ मीटर. पत्र्याची जाडी आणि पन्हळी वजा केली की आत उरतात २.३५. दोन मोजमाप-पद्धतींचं न जुळणं आजही रोज हजारो कंटेनरमध्ये रिकामी जागा सोडतं. एककांचं रूपांतर कशाला शिकायचं, असं विचारणाऱ्या मुलाला हे उत्तर द्यायला हरकत नाही.

पण मुकादमांनी तर दहा बसवली होती. मी तेवढंच सांगितलं आणि गप्प बसले. पंचवीस मिनिटांनी दोन मुलांना जमलं. एका भिंतीलगत चार पॅलेट उभी, म्हणजे लांबी कंटेनरच्या लांबीला समांतर (४८ सेंटिमीटर), आणि पाचवं आडवं (आणखी १०, एकूण ५८). समोरच्या भिंतीलगत चार आडवी (४० सेंटिमीटर), मग सात सेंटिमीटर मोकळे सोडायचे आणि शेवटचं उभं, ४७ पासून ५९ पर्यंत. कुठेही मोजा, रुंदी १० अधिक १२ म्हणजे २२ च्या वर जात नाही. दहा बसली! त्या मोकळ्या फटीत प्रत्यक्षात हवेच्या पिशव्या किंवा लाकडाची अडण घालतात, नाहीतर जहाज डोललं की माल सरकतो. आणि हो, ती अडण लाकडाची असेल तर तिलाही शिक्का लागतो.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीनं घरी ही जुळणी काढून दाखवली. तिचे वडील हसले म्हणे. "हे आमाला कागदावर कुनी शिकिवलं न्हाई, पर बसिवतो आमी असंच."

कागदांचा दाखला

आता कस्टम्स, म्हणजे सीमाशुल्क विभाग. मुलांना वाटतं कस्टम्सवाले प्रत्येक पेटी फोडून पाहतात. तसं झालं तर न्हावा-शेव्याचं बंदर एका दिवसात तुंबेल. थोडाच माल निवडून उघडतात. बाकीच्यांचे कागद तपासतात, आणि कागदांत मुख्य पाहायचं असतं ते हे की, सगळे कागद एकच गोष्ट सांगतात का.

शिक्षकांना हे समजायला दाखल्याचं उदाहरण पुरेल. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, जन्मदाखल्यावर तिसरं. मूल तेच, पण अकरावीच्या प्रवेशाला आई-बापाची दमछाक होते. निर्यातीत अगदी तेच. इनव्हॉइसवर माल आणि किंमत असते. पॅकिंग लिस्टवर कुठल्या पॅलेटवर किती पिशव्या, निव्वळ वजन किती, एकूण वजन किती. या दोन्हींवरून कस्टम्सच्या 'आइसगेट' पोर्टलवर शिपिंग बिल भरतात. मग जहाज कंपनीचं बिल ऑफ लेडिंग, आणि माल भारतातलाच आहे सांगणारं मूळ देशाचं प्रमाणपत्र. एका कागदावर ४०० पिशव्या आणि दुसऱ्यावर ४१० असतील, तर माल खरा असूनही थांबतो.

त्याआधी निर्यातदाराकडे आयईसी क्रमांक लागतो, तो आता पॅनचाच क्रमांक असतो. बँकेचा एडी कोड कस्टम्सकडे नोंदवलेला हवा, कारण मालाचे पैसे परदेशातून त्या बँकेत येणार आहेत. मसाले असतील तर स्पायसेस बोर्डाची नोंदणी. बहुतेक मालावर निर्यात शुल्क नसतं आणि जीएसटीतही निर्यात शून्य दरात येते, मग कस्टम्सला काय पडलंय, असा प्रश्न एका पालकांनी विचारला. पडलंय ते असं की, सांगितलेलाच माल जातोय ना, बंदी असलेलं काही नाही ना, किंमत फुगवलेली किंवा दाबलेली नाही ना. खात्री पटली की १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याखाली माल बाहेर जाऊ देण्याचा हुकूम निघतो. त्याला बंदरावर 'एलईओ' म्हणतात. तो निघाल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही.

मालाचं नाव शब्दांत लिहून भागत नाही, कारण हळदीला प्रत्येक देशात वेगळं नाव. म्हणून १९८८ पासून जगभर एक क्रमांकपद्धत चालते, एचएस कोड. मुलांना मी पिनकोडसारखं समजावलं. ०९ हे प्रकरण चहा, कॉफी, मसाल्यांचं. ०९१० मध्ये आलं, केशर, हळद वगैरे. ०९१० ३० म्हणजे हळद, आणि हे सहा आकडे ही पद्धत वापरणाऱ्या सगळ्या देशांत सारखे. पुढचे दोन आकडे आपले. वाळलेली हळद २०, पावडर ३०. म्हणजे शेवटच्या दोन आकड्यांत गिरणी आली! सांगलीची हळद जाताना हळकुंडं म्हणून जाते की दळून जाते, यावर इथल्या किती जणांच्या हाताला काम मिळेल ते ठरतं.

वजनाचं गणितही वर्गात करून घ्या. ४०० पिशव्यांतली हळद १०,००० किलो, हे निव्वळ वजन. रिकामी पिशवी २०० ग्रॅमची धरली तर ८० किलो. पॅलेट २० किलोचं धरलं तर दहांचे २००. एकूण १०,२८०. रिकाम्या कंटेनरचं वजन त्याच्या दारावरच लिहिलेलं असतं. समजा ते २,२३० आहे, तर भरलेला कंटेनर १२,५१० किलोचा. १ जुलै २०१६ पासून हे पडताळलेलं वजन दिल्याशिवाय कंटेनर जहाजावर घेत नाहीत. जहाजात कुठला कंटेनर खाली आणि कुठला वर हे वजनावरून ठरतं, तेव्हा खोटं वजन म्हणजे जहाजाच्या तोलाशी खेळ. अर्थात निव्वळ वजनात पॅलेट धरायचं नाही आणि एकूण वजनात विसरायचं नाही. आमच्या निम्म्या वर्गानं इथेच चूक केली.

विकणाऱ्याची जबाबदारी कुठे संपते हे सौद्यातल्या अटीवर असतं. एफओबी म्हटलं तर माल न्हावा-शेव्याला जहाजावर चढला की पुढची जोखीम घेणाऱ्याची. सीआयएफ म्हटलं तर समुद्राचं भाडं आणि विमा विकणारा भरतो, पण गंमत म्हणजे जोखीम तरीही जहाजावर चढतानाच हस्तांतरित होते. मग त्या दहाव्या पॅलेटचा खर्च इकडे का आला? कारण तो वाटेतला अपघात नव्हता. दोष माल निघतानाच त्यात होता.

पुढे काय झालं

हे सगळं मला समजावलं ते आमच्याच एका माजी विद्यार्थ्यानं. तो आता कस्टम्स ब्रोकरकडे काम करतो. (बंदरावर अजून सगळे जुन्या सवयीनं 'सीएचए' म्हणतात.) कागद जुळवणं हे त्याचं रोजचं काम. त्याला मी विचारलं, यात चूक कुणाची? तो म्हणाला, "मॅडम, पॅकिंग लिस्टवर सही करणाऱ्यानं खाली वाकून बघायला पाहिजे होतं."

मुलांनी एक तक्ता केला. मध्ये शिक्क्याचं मोठं चित्र, प्रत्येक भागाला बाण आणि खाली मराठीत अर्थ. 'शिक्का नाही तर पॅलेट नाही' एवढीच ओळ वर. त्याची एक प्रत त्या मुलीनं घरी नेली. पालकसभेला तिचे वडील आले, पिशवीतून जुन्या पॅलेटचा एक ठोकळा घेऊन. त्यावर शिक्का अर्धा पुसट पण वाचता येईल असा. म्हणाले, "मॅडम, वर्गात ठिवा." तक्ता आता माल भरायच्या दाराशी लावला आहे, असं त्यांनी सांगितलं. पगारातून दोन महिने पैसे कापले गेले, तिसऱ्या महिन्यात कापले नाहीत. का, ते कुणी बोललं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

ज्यांना हा उपक्रम घ्यायचा आहे त्यांनी शेवटी मुलांना गावात शिक्के शोधायला पाठवावं. पॅलेटचं दुसरं आयुष्य आपल्याकडे फार मोठं असतं. आमच्या मुलांना ते सापडले फरशीच्या दुकानामागे, भंगारवाल्याकडे, रसवंतीच्या बाकड्याखाली. आयएन अर्थातच सगळ्यात जास्त. फरशीच्या दुकानात सीएन, म्हणजे चीन. आणि शाळेसमोरच्या चहाच्या टपरीवर ज्या फळीवर आम्ही शिक्षक रोज बसतो, तिच्या कडेला डीई आणि एचटी. जर्मनीतून कुठलंसं मशीन घेऊन आलेलं लाकूड. टपरीवाल्या मामांना सांगितलं तर त्यांनी आधी फडक्यानं ती कड पुसली, मग विचारलं, "म्हणजे आता हे परत न्यायला येतेत का काय?"